अर्धा खाडा

ललिता सिस्टरांचं नाव आधी लिहून ठेवते. पुढे जे सांगायचं आहे त्यात माझी चूक एवढी मोठी आहे, की ती लिहिता लिहिता पान भरून जाईल आणि जिने सावरलं त्या बाईचं नाव शेवटी दोन ओळींत कोंबावं लागेल. तसं नको. तर ललिता सिस्टर. नाशिकला द्वारका चौकाच्या अलीकडे एक दवाखाना आहे, तिथे लहान मुलांच्या वॉर्डात नर्स. मनगटावरचं घड्याळ उलटं घालतात, तबकडी आतल्या बाजूला. बोलता बोलता सारखं तिकडे बघतात. मला आधी वाटलं, बाईंना माझा कंटाळा आला. नंतर कळलं, नाडी मोजून मोजून ती सवयच झालीय.

आता माझं. सातवी शिकले. आठवीची शाळा आमच्या गावात नव्हती आणि दुसऱ्या गावाला मुलीला एकटं पाठवायची रीत नव्हती. गाव किनवटच्या पुढे. तिथून नाशिकला यायला एक दिवस आणि एक रात्र जाते. अकरा वर्षं झाली, इथे मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते. आमचे हे तिथेच रात्रपाळीचे वॉचमन. गेटजवळच्या खोलीत आमचा संसार. माझी बोली इथे कुणाची नाही. "काय करायलीस गं?" असं एखादीला विचारलं की अख्खी पंगत सुरू होते, "जेवायलाव मावशी, जेवायलाव!" हसतात, हसू दे. पण घरापासून लांब माणूस जरा भेदरलेलंच असतं. काही चुकलं तर आपल्या बाजूने बोलायला इथे कोण आहे, हे मनातून कधी जात नाही.

सेहेचाळीस मुली. स्वयंपाक येणं हे या कामातलं सोपं, अवघड आहे तो अंदाज. त्यासाठी खाड्याची वही असते. मेसमध्ये जेवलेल्यांना ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगते. ज्या वेळी जेवायचं नाही त्या वेळी मुलीने स्वतःच्या नावापुढे फुली मारायची. त्याला खाडा म्हणतात. आमची वही दाराला सुतळीने बांधलेली असते. दुपारी चारच्या आत फुली नसली तर तिच्या नावाच्या भाकरी थापल्या जातात, मग ती जेवो न जेवो.

अकरा वर्षांत ही वही मला पोथीसारखी वाचता यायला लागली. एकीचा दर गुरुवारी खाडा, उपास म्हणून. आणि गुरुवारीच तिच्या ओढणीला मिसळीच्या रश्श्याचे डाग. एकीचे लागोपाठ तीन खाडे पडले, तेव्हा मी वरणभात घेऊन वर गेले. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती, घरी वडिलांनी लग्न ठरवलं होतं. तिने दोन घास खाल्ले आणि मग रडली. अशा वेळी वाटायचं, आपण नुसत्या भाकऱ्या थापत नाही. कुणाच्या पोटात काय चाललंय हे मला वहीवरून कळतं, असा माझा माज होता. त्या माजानेच पुढे घात केला.

साक्षी अकरावीला आली. नामपूरची. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते, वडील ट्रकवर. पोरगी किडकिडीत, अभ्यासात हुशार, सायन्सला. येताना पत्र्याच्या पेटीबरोबर एक छोटा थर्मास आणला होता. त्यात बर्फ आणि इन्सुलिनच्या बाटल्या. रेक्टर मॅडमनी मला बोलावून सांगितलं, "मावशी, हिला टाइप वन डायबेटीस आहे. म्हाताऱ्यांना होतो तो नाही. हिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, बाहेरून टोचावं लागतं. बाटल्या तुमच्या फ्रिजमध्ये ठेवा. आणि रोज सकाळी नाश्त्याच्या आधी ती तुमच्यासमोर साखर तपासेल, तो आकडा वहीत लिहा."

मीच का? मॅडम येतात दहाला, मी उठते साडेचारला.

बाटल्या आलं-लसणाच्या वाटणाशेजारी ठेवल्या. एक पाण्यासारखं स्वच्छ इन्सुलिन, जेवणाआधीचं. दुसरं दुधाळ, रात्रभर पुरायला, ते ती संध्याकाळी जेवणाआधीच घ्यायची. सकाळी साक्षी बोट टोचायची, पट्टीवर थेंब लावायची, मशीनवर आकडा यायचा आणि मी लिहायची. २४८. २७१. २६३. बाजूला तिचाच झोपतानाचा आकडा असायचा, १४०, १५०. मधल्या वेळात तर सगळ्या झोपलेल्या.

मॅडमनी वही बघितली. "रात्री हिला कोण वाढतं?"

"मीच वाढते. दोन भाकरी, भाजी, वरण, वर थोडा भात."

"मग सकाळी साखर कशी वाढते?"

मला काय माहीत! आकडे मला वाचता यायचे, पण त्यांचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. आणि ज्या गोष्टीचा अर्थ लागत नाही तिथे माणूस चोर शोधतो. मुलींनी तर तिला "मुंगी" नाव ठेवलं होतं. डब्यातला लाडू कमी झाला की, "मुंगी लागली वाटतं!" साक्षी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एक दिवस खोल्या झाडायला गेले तर तिच्या उशीखाली खडीसाखरेची पुडी. मी पुडी घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"हे काय?"

"मावशी, ते लागतं मला."

"लागतं म्हणजे? चटक लागलीय तुला गोडाची."

"तसं नाही मावशी. साखर उतरली की..."

"रोज तर चढलेली असते, उतरतीय कधी?"

पुडी मी काढून घेतली. पोरगी लाल झाली. शेजारच्या पलंगांवर दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांच्यासमोर आपल्या आजाराची चर्चा नको म्हणून ती गप्प बसली, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, चोरी पकडली म्हणून गप्प आहे.

आणि मग मी माझी हुशारी केली. गावाकडे बैलाचं पोट फुगलं की वैरण कमी करतात. सकाळी साखर चढते ना, मग रात्रीचं जेवण अर्धं करू. कुणी सांगितलं नाही, कुणाला विचारलं नाही. वहीत साक्षीच्या नावापुढे फुलीची एकच तिरकी रेघ मारली आणि मनातल्या मनात म्हटलं, अर्धा खाडा. असला खाडा कुठल्याच मेसमध्ये नसतो.

रात्री तिच्या ताटात एकच भाकरी. ती ताटाकडे बघत राहिली.

"मावशी, मी टोचून घेतलंय."

"मग?"

"दोन भाकरीचं घेतलंय. तेवढं खावं लागतं."

"उद्याचा आकडा बघू. खाली आला तर उद्या दोन."

दुसऱ्या दिवशी आकडा आला १८२. मी मॅडमना वही दाखवली, त्या म्हणाल्या, "बरं केलंत." त्या एका "बरं केलंत"वर मी दिवसभर तरंगत होते. परगावचं, सातवी झालेलं माणूस, त्याला एवढं पुरतं. संध्याकाळी साक्षीने ताट पुढे केलं तेव्हा म्हटलं, "औषध लागू पडलंय, आता सोडायचं नाही." पुन्हा एकच भाकरी. तिने वरण दोनदा मागितलं. मी एकदाच दिलं.

चौथ्या दिवशी आकडा ३१२. पाचव्या दिवशी २९८.

आता तर खात्रीच झाली. एवढं कमी जेवून एवढी साखर, म्हणजे पोरगी रात्री उठून खाते. खरं तर ती रात्री खरंच उठत होती. साखर इतकी उतरायची की घामाने जाग यायची, मग मैत्रिणीच्या डब्यातली बिस्किटं, जी मिळतील ती, जेवढी मिळतील तेवढी खायची. सकाळी आकडा चढलेला. हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मी एवढंच केलं, स्वयंपाकघराला नवीन कुलूप आणलं. किल्ली कमरेला लावली आणि पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आता बघू मुंगी कुठून शिरते."

मुली हसल्या. साक्षीने ताट धुवून ठेवलं आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला मी गॅस पेटवायला निघाले. व्हरांड्यातला दिवा लागलेला. स्वयंपाकघराच्या दारापाशी साक्षी बसलेली दिसली, पाठ दाराला, मान एका बाजूला. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सापडली".

जवळ गेले तर अंगावरचा ड्रेस पिळून काढावा इतका ओला. कुलपाला हात लावला, तेही ओलं. किती वेळ ओढत होती कोण जाणे. हाक मारली तर डोळे माझ्याकडे, पण बघणं नाही. मग हातपाय ताठ झाले आणि अंग झटके द्यायला लागलं.

मी ओरडले. किल्ली भोकात जाईना. आत जाऊन साखरेचं पाणी केलं आणि वाटी तिच्या दातांवर ओतली. तिला ठसका लागला, ओठ निळे. तोवर आमचे हे धावत आले आणि माझा हात झटकला. "दातखीळ बसलीय तिची! पाणी छातीत जाईल, मारशील पोरीला!" त्यांनी तिला कुशीवर वळवलं. मी ओली वाटी धरून उभी.

रिक्षा मिळाली. द्वारकेला कांद्याच्या गाड्या आडव्या लागलेल्या, पहाटेची वेळ असून हलायला जागा नाही. साक्षीचं डोकं माझ्या मांडीवर. चावलेल्या जिभेचं रक्त माझ्या पदरावर. हे खाली उतरून ट्रकवाल्यांना हात जोडत होते. तेवढ्या वेळात मी काय बोलले ते आठवत नाही. हे सांगतात, मी सारखं म्हणत होते, "दोन देते, आज दोन देते."

दवाखान्यात सिस्टरांनी बोट टोचलं. "एकतीस."

मी म्हटलं, "तीनशे एक?"

"तीनशे नाही बाई. एकतीस. साखर संपलीय हिची."

शिरेतून ग्लुकोज सुरू झालं. थोड्या वेळाने झटके थांबले, पण डोळे उघडायला उन्हं वर आली. तोवर ललिता सिस्टर प्रश्न विचारत होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या.

"रात्री किती खाल्लं होतं?"

"एक भाकरी."

"रोज किती खाते?"

"दोन."

"म्हणजे इन्सुलिन दोनचं घेतलं असणार. मग काल एकच का?"

"पाच-सहा दिवस झाले. मी अर्धा खाडा टाकला होता."

सिस्टरांनी पहिल्यांदा घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. "मी पण होस्टेलात राहून शिकलेय, मावशी. खाडा मुलगी लिहिते. मावशी लिहीत नाही."

एवढंच बोलल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

दुपारी साक्षीची आई आली. मिळेल त्या गाडीने, खळ्यावरच्याच साडीत, बोटांना कांद्याची सालं चिकटलेली. "मन्ही आंडेर कोठे शे?" मला आंडेर कळेना. सिस्टर म्हणाल्या, "मुलगी. त्यांची मुलगी कुठे आहे विचारतायत." आत जाऊन लेकीला बघून त्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्ही व्हतात म्हणीसन पोर वाचनी."

मी होते म्हणून पोरगी वाचली! खरं तर गप्प राहणं सोपं होतं. साक्षी अजून धड बोलत नव्हती. मॅडम म्हणाल्या असत्या, आजारच तसा आहे. ही बाई आयुष्यभर माझे उपकार मानत राहिली असती. सिस्टर समोर सलाईन बघत होत्या. त्यांनी हळूच मला बाजूला घेतलं. "तुम्ही सांगा त्यांना. मी शेजारी उभी राहते."

आणि उभ्या राहिल्या. ड्युटी कधीच संपली होती तरी उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं, पुडी, भाकरी, कुलूप. साक्षीच्या आईने माझे हात सोडले. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "तिनी भाकर मांगी ना तुमना जोडे?"

तिने भाकरी मागितली होती ना तुमच्याकडे. हो. मागितली होती.

पुढचे दोन दिवस साक्षीला साधे शब्द आठवत नव्हते. खिडकीला "ते, उघडायचं ते" म्हणायची. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, आणि आलंही. पण त्या दोन दिवसांत मी देवाला काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. तिची चाचणी परीक्षा बुडाली. वसतिगृहाने ठरवलं, जोखीम नको, मुलीला घरी पाठवा. तेव्हा सिस्टरांनी मॅडमना फोन केला. "सकाळचा आकडा का चढतो ते आधी शोधू द्या. पाच रात्री द्या. तपासायला माणूस आहे तुमच्याकडे."

माणूस म्हणजे मी. अजूनही मीच! साक्षीच्या आईला विचारलं. ती म्हणाली, "सिस्टर सांगतस ना, मंग चाली." सिस्टर सांगतात म्हणून चालेल. माझ्यावरच्या भरवशाने नाही.

शिकायला मी दवाखान्यात जायची, सिस्टरांच्या जेवणाच्या सुट्टीत. सुट्टी नावालाच. चार वाजून जायचे तेव्हा डबा उघडायच्या, पोळीचा पापड झालेला. तो चावत मला समजावायच्या.

"सकाळचा एकटा आकडा काही सांगत नाही, मावशी. झोपतानाचा, पहाटे तीनचा आणि उठल्यावरचा, तिन्ही शेजारी ठेवा. तीनला उतरलेला असेल तर रात्रीचं इन्सुलिन जास्त होतंय किंवा जेवण कमी पडतंय. तीनला ठीक आणि उठल्यावर चढलेला असेल तर वेगळं."

"वेगळं म्हणजे? तेव्हा तर कुणीच खात नाही."

"तुम्ही साडेचारला का उठता?"

"मुली उठायच्या आधी चूल पेटायला हवी."

"मग अंगातही तशी एक मावशी असते. माणूस जागं व्हायच्या आधी ती साखर सोडते, उठायला बळ पाहिजे म्हणून. तुमच्या-माझ्या अंगात लगेच इन्सुलिन येतं, ती साखर कामाला लागते. हिच्या अंगात इन्सुलिन नाही, आणि टोचलेलं तोवर संपत आलेलं. वाढीच्या वयात तर ती मावशी जोरात असते. पोरगी झोपलेली आणि साखर चढतेय. यात चोरी कुणाची?"

त्यांनी डबा बंद केला. "तुम्ही तिची भाकरी तोडली, मावशी. चढत होती पहाटेची साखर."

पाच रात्री तीनचा गजर लावून वर गेले. साक्षी माझ्याकडे बघायची नाही. पांघरुणातून फक्त एक बोट बाहेर यायचं. मी टोचायची, थेंब घ्यायची, आकडा लिहायची. पहिल्या रात्री थेंब नीट आला नाही, पट्टी वाया गेली. पांघरुणातून आवाज आला, "बाजूला टोचा. मधोमध दुखतं." त्या पाच रात्रींत ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

झोपताना १५२, तीनला १३८, उठल्यावर २४६. पाचही रात्री कमीजास्त तसंच. रात्री उठून कुणी काही खाल्लं नव्हतं. वही घेऊन आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी दुधाळ इन्सुलिन जेवणाआधीऐवजी झोपताना घ्यायला सांगितलं आणि मात्रा बदलली. किती ते मी लिहीत नाही, कारण ते एकीचं दुसरीला लागू नसतं आणि स्वयंपाकिणीने तर ते सांगूच नये. हळूहळू सकाळचे आकडे १७०, १५५ झाले. मध्येच ताप आला, पाळी आली, परीक्षा आली, की पुन्हा २२०. पण त्या आकड्यांना आता मी चोर म्हणत नव्हते.

नवीन कुलूप मी आमच्या ह्यांच्या सायकलला लावलं. स्वयंपाकघराला आता नुसती कडी असते.

गोष्ट इथे गोड झाली असती, पण तसं नाही. अकरावी संपल्यावर साक्षीच्या आईने तिला नामपूरला नेलं. तिथल्या कॉलेजात आर्ट्सला घातलं. सायन्ससाठी नाशिकला ठेवायचं तर पोरीला पुन्हा कुणाच्या तरी हाती सोपवायचं, आणि ते त्या बाईच्या जिवाला आता झेपत नव्हतं. साक्षी हुशार होती. ती पुढे काय झाली असती हे मला माहीत नाही, आणि ते कधी कळणारही नाही. तिचे आकडे आटोक्यात आले म्हणून लोक माझं कौतुक करतात. करू देत.

जायच्या दिवशी तिने वहीत स्वतःच्या नावापुढे स्वतःच्या हाताने पानाच्या शेवटापर्यंत खाडा लिहिला. पूर्ण फुल्या, एकही तिरकी नाही. मग खडीसाखरेची नवीन पुडी ओट्यावर ठेवली.

"ही इथेच ठेवा, मावशी. पुढच्या कुणाला लागली तर."

लागली तर. त्या शब्दाचा अर्थ या वेळी मला विचारावा लागला नाही. पुडी फ्रिजवर ठेवलीय, हाताला येईल अशी.

राहिल्या ललिता सिस्टर. त्या अजून त्याच वॉर्डात आहेत. सणावाराला जाऊन सांगते, जेवायला या. "ड्युटी संपली की येते," म्हणतात आणि ड्युटी काही संपत नाही. अजूनही चार वाजता गार डबा उघडत असतील. त्यांनी माझ्याशेजारी उभं राहून जे केलं ते मला फेडता येणार नाही, पण एक येतं. तव्यावरून उतरून थेट ताटात पडलेली ज्वारीची भाकरी, एक नाही, हव्या तेवढ्या, आणि घड्याळाकडे न बघता जेवण. हे मी त्यांना एक दिवस देणारच आहे.

म्हणून खाड्याच्या वहीत सेहेचाळीस नावांखाली मी सत्तेचाळिसावं नाव लिहिलंय. रेक्टर मॅडम परवा विचारत होत्या, "मावशी, ही ललिता कोणत्या खोलीतली? वर्षभर हिचा एकही खाडा नाही."

म्हटलं, "यायची आहे अजून."